टिपाडाच्या बुडाशी राहिलेलं

मी एक जुनं टिपाड आहे, मित्रांनो. लोखंडी, दोनशे लिटरचं, एका बाजूला पोचा आलेलं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तेल वाहिलं. तेल संपलं, मग पुंडलिकनगरात एका गच्चीवर नऊ वर्षं पाणी धरलं. घरमालकाने प्लास्टिकची टाकी आणली आणि मी भंगारात गेलं. कामापुरता मामा, दुसरं काय!

तिथून मला करमाडच्या सुकेशनीने आणलं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात, लोक त्या पेटवून देतात. सुकेशनी त्या मागून आणते, बारीक कुट्टी करते आणि माझ्या पोटात उकळते. निवल्यावर पाणी काढून माझ्यातच कुट्टीत बुरशीचं बियाणं कालवते. मेलेल्या लाकडावर वाढते ना, तीच ही बुरशी. कुट्टी साच्यात दाबून झाकून ठेवली की बारा दिवसांत पांढरे धागे तिला घट्ट बांधून टाकतात. मग वाळवायचं. थर्माकोलसारखा हलका तुकडा तयार होतो आणि टाकला तर मातीत मिसळून जातो.

पंप बनवणाऱ्या एका कारखान्याने पॅकिंगसाठी असे चार कोपरे नमुन्याला मागितले होते. पसंत पडले तर सुकेशनीला आणि शेजारच्या चौघींना वर्षभर काम. पण याआधी दोनदा दुसरीच हिरवी बुरशी लागून तिचा माल वाया गेला होता. नवरा राजकुमार भला माणूस, त्यानेही हात टेकले होते. आता नाही जमलं तर टिपाड भंगारात घालायचं आणि सुकेशनीने कंपनीत रोजाने जायचं, असं ठरलं. ते ऐकल्यापासून मला चैन म्हणून नव्हती.

त्यात साचे भरून झाले त्या दिवशी शेजारणीची हाक आली. बुडाशी चार बोटं कुट्टी तशीच राहिली. वरून झाकण ठेवून बाई गेली ती गेलीच, मला धुतलंसुद्धा नाही! तिसऱ्या दिवसापासून पोटात सळसळायला लागलं, खाज सुटली. गंज चढला, मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

सहाव्या दिवशी सुकेशनी मापं घ्यायला कारखान्यात गेली. घरी सासू, भामाबाई. साच्यांना हात लावू नका एवढं तिला सांगितलं होतं, का ते सांगायचं राहून गेलं. तिने साच्यांवरचं झाकण उचलून पाहिलं, तर सगळीकडे पांढरी बुरशी. सुनेचं तिसऱ्यांदा वाटोळं होतंय म्हणून म्हातारीचा जीव कळवळला. गव्हाला, डाळीला बुरशी आली की ती जन्मभर जे करत आली, तेच तिने केलं. साचे उपडे केले, फडक्याने पांढरं पुसलं आणि सगळं लुगड्यावर उन्हात घातलं. मी समोरच, लिंबाखाली. बोंब मारायला तोंड नाही, धावायला पाय नाहीत.

संध्याकाळी सुकेशनीने एक कोपरा उचलला, हातातच त्याचा भुगा झाला. ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तीच बुरशी तर मी पेरली होती."

भामाबाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. नमुना द्यायला आठ दिवस उरले होते आणि नवं वाढायला बारा लागतात. घरात कुणी धड जेवलं नाही.

सकाळी राजकुमारने भंगारवाल्याला निरोप धाडला. भामाबाई पाणी आणि फडकं घेऊन आली. निदान धुऊन तरी द्यावं, असं तिच्या मनात आलं असेल. तिने माझं झाकण काढलं. फडक्याचा हात आत आला आणि मध्येच थांबला.

"सुकेशनी, हितं ये," तिने हाक मारली. "आत लई बुरशी आलीय. म्या हात नाय लावला."

बुडाशी विसरलेल्या कुट्टीची पांढरीशुभ्र भाकरी जमत चालली होती. सुकेशनीने वाकून पाहिलं, झाकण पुन्हा लावलं आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. पुढचे पाच दिवस भामाबाई माझ्याजवळ बसून राहिली, कोंबडीलाही फिरकू दिलं नाही. बाराव्या दिवशी राजकुमारने आरीने चार कोपरे कापले. वाळवून नेले, आणि कारखान्यातल्या लोकांनी ते आत लावून पंपाचं खोकं मुद्दाम टेबलावरून पाडून बघितलं. पंप शाबूत राहिला. काम मिळालं.

मित्रांनो, आमच्यासारखं जुनं काही टाकायच्या आधी एवढं करा, झाकण उघडून एकदा आत बघा. आणि हो, भामाबाई आता दर वेळी चार बोटं कुट्टी बुडाशी मुद्दाम ठेवते. मला कुणी धूत नाही, खाज तर लई सुटते. पण माझी तक्रार नाही.