तिघांतला फरक

"दोघांपुरतंच पाणी आहे," टाकीचं झाकण लावत वैदेही म्हणाली. "आणि तुम्ही तिघं."

गारखेड्यातलं ते छोटं डायलिसिस सेंटर मार्चपासून टँकरवरच चालत होतं. आजचा टँकर वाटेत बंद पडला होता. दुसरा संध्याकाळपर्यंत येईल म्हणत होते, पण त्याचाही भरवसा नव्हता. वैदेहीनं दोन ठिकाणी फोन लावून पाहिला. कुठंच मशीन रिकामं नव्हतं. डॉक्टर विमानात होते. चढण्यापूर्वी त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "दोघांना लाव. तिघांचे तास कापू नकोस. पाणी मधेच संपलं तर तिघंही अडकतील."

बाकावर एका टोकाला विश्वजित होता. वाळूजच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा, घरी वर्षाची मुलगी. दुसऱ्या टोकाला पाचोडहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या द्वारकाबाई. मध्ये सदाशिव देऊळगावकर. एकतीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. डायलिसिसच्या डिप्लोमाकडे वळण्याआधी वैदेही वर्षभर त्यांच्याच वर्गात बसली होती.

"सर, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "असलीच उदाहरणं द्यायचात ना तुम्ही? बुडणारी नाव एक, माणसं जास्त."

सर कसंनुसं हसले. तेव्हा ते फळ्यापाशी उभे असत. त्या नावेत कधीच नसत.

"मी यातलाच एक आहे वैदेही. मी कसा निवाडा करणार?"

"मग चिठ्ठ्या टाका ना ताई," विश्वजित म्हणाला. त्याचा पाय सारखा हलत होता. "उगं याचं जास्त, त्याचं कमी कशाला? नसीब ज्याचं त्याचं."

वैदेहीनं सरांकडे पाहिलं. "बरोबर होईल का सर?"

उत्तर द्यायला सरांना वेळ लागला. कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी वैदेहीला ठाऊक नव्हती. ती फोनवर असताना द्वारकाबाई त्यांच्या कानाशी बोलल्या होत्या. "सर, रातभर बसून काढली बघा. आडवं झालं की दम कोंडायलाय. लई ऊन, तहान आवरंना, पाणी जास्त प्याले. बाईला सांगू नका, रागावती ती."

म्हणजे फुफ्फुसात पाणी उतरलेलं. म्हणजे द्वारकाबाई संध्याकाळपर्यंत थांबू शकत नव्हत्या.

हे सांगितलं, तर एक मशीन त्यांचं. उरलेल्या एकासाठी आपण आणि विश्वजित. न सांगितलं, तर तिघांत दोन. सरांनी हा हिशेब मनात इतक्या झटकन केला की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. गेल्या महिन्यात डायलिसिसचा एक दिवस हुकला होता, तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं झालं होतं. ते आत्ता आठवलं.

"ज्यांच्यात फरक करता येत नाही," ते म्हणाले, "त्यांच्यात चिठ्ठी न्याय्यच असते."

वाक्य अगदी बिनचूक होतं. वर्गात हेच ते शंभरदा बोलले असतील.

पहिली चिठ्ठी विश्वजितची निघाली. दुसरी सरांची.

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या. "येईल की टँकर." त्यांनी पाय वर घेतले, भिंतीला टेकल्या. पण टेकवेना. पुन्हा पुढं वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या.

सर खुर्चीत जाऊन आडवे झाले. वैदेहीनं दंड बांधला, कापसानं शीर पुसली. काचेपलीकडे द्वारकाबाईंचे खांदे दिसत होते. प्रत्येक श्वासाला ते वर उचलले जात होते. सरांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटूनही ते खांदे दिसतच राहिले.

"थांब," ते म्हणाले. "सुई नको."

"काय झालं सर?"

"आधी त्यांना तपास. रात्रभर झोपल्या नाहीत त्या. आडवं होता येत नाहीये त्यांना. मला सांगितलं होतं त्यांनी. चिठ्ठ्या टाकायच्या आधीच."

वैदेहीनं सुई ट्रेमध्ये टाकली. ती बाहेर धावली. द्वारकाबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि त्यांना जवळजवळ उचलूनच आत आणलं.

"न्हाई, मला दुसऱ्याचं नको," द्वारकाबाई धापा टाकत म्हणाल्या. "सरांचं निघालंय ना नाव!"

"माझं नव्हतं ते," सर खुर्चीवरून उतरत म्हणाले. "तुमचंच होतं. मी गप्प बसून घेतलं होतं."

विश्वजितनं शेजारच्या खुर्चीवरून मान वळवली. त्याच्या नळ्यांतून रक्त फिरू लागलं होतं.

दुपार बाकावर गेली. दोन वाजता सरांची बोटं सुजली. चारला त्यांनाही भिंतीला टेकवेना. वैदेहीनं ऑक्सिजनचा सिलिंडर आणून शेजारी उभा केला. नळी त्यांच्या नाकाला लावली, पण त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, आणि त्याचंच सरांना जास्त लागलं. द्वारकाबाई चार तास पुरे करून बाहेर आल्या, तेव्हा पायरीशी थबकल्या. सरांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि बस गाठायला निघून गेल्या.

साडेपाचला फाटकात टँकरचा हॉर्न वाजला. टाकी भरून, पाणी गाळून मशीन तयार व्हायला आणखी तास गेला.

"चला सर," वैदेहीनं हात पुढं केला. "उठता येईल ना?"

सरांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली. "माझ्याआधी कुणी आहे का, ते विचार."

"सर, कुणी नाहीये. तुम्ही एकटेच आहात."

"विचार तरी."

ती वाद घालणार होती. मग दारापर्यंत गेली. बाहेरच्या व्हरांड्यात रिकामे बाक होते आणि टँकरवाल्याच्या पावलांचा ओला माग होता.

"अजून कुणी आहे का?" तिनं मोठ्यानं विचारलं.

क्षणभर ती तिथंच थांबली. मग परत आली आणि सरांच्या काखेत हात घालून म्हणाली, "नाही सर. कुणी नाही."

तेव्हा सर उठले.