कारभाऱ्याचं कार्ड

कवळ्या बनवणाऱ्या त्या तळघरात तिच्या नवऱ्याला सगळे ‘कारभारी’ म्हणत. लॅब मालकीणबाईंची, घाम सगळ्यांचा आणि रुबाब ह्याचा एकट्याचा, म्हणून ते नाव पडलेलं. त्याला ते कौतुक वाटायचं. कोणी हाक मारली की मान जरा तिरकी करून तो ओ द्यायचा, आणि पॉलिशच्या मोटरीपाशी बसलेली त्याची बायको खाली मान घालून हातातली कवळी घासत राहायची.

काम तसं ठरलेलं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची. प्लास्टरमामा त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे, कारभारी मेणात एकेक दात बसवायचा, आणि गुलाबी हिरडीसकट तयार झालेली कवळी शेवटी तिच्या हातात यायची. फिरत्या चाकावर ओली पूड लावून तिने ती घासली की अशी चमकायची, कोणाच्या तोंडातून आत्ताच काढली असं वाटावं.

एक दिवस मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “डोळे साथ देत नाहीत आता. दोन वर्षं ओढते, मग पुरे. तुमच्यापैकी कोणी लॅब घेतली तर आनंद आहे. पण उधारी चालायची नाही. बँकेचं कर्ज काढा आणि मला एकरकमी द्या. नाहीतर मागच्या गल्लीतला लॅबवाला टपून बसलाय. तो आपली माणसं घेऊन येईल, तुम्हाला एक दिवस ठेवायचा नाही.”

कारभाऱ्याने त्याच संध्याकाळी जेवता जेवता लॅब घेऊनही टाकली.

“पाटी मोठी करायची,” तो म्हणाला. “मामांना नारळ द्यायचा, हात थरथरतात त्यांचे. आणि तूही यायचं बंद कर. मालकाची बायको मोटरीवर बसलेली बरी दिसते का? घर बघ आपलं.”

“आणि पॉलिश?”

“एखादी पोरगी ठेवू. निम्म्या पगारात येईल.”

ती मोटर, तो डगमगणारा स्टूल आणि समोरची पूड उडून पांढरी झालेली भिंत, एवढ्याच जागेत तिला शहाणपण शिकवायला कोणी येत नसे. ती जागाही हा माणूस भाजीचं देठ खुडावं तशी खुडून टाकत होता. ती रागाने नुसती थंड झाली. मग तिने विचारलं, “पण तुम्हाला कर्ज देणार कोण?”

प्रश्न वर्मी बसला. कारभाऱ्याची पत कधीच धुळीला मिळालेली होती. एकामागून एक क्रेडिट कार्डं घेऊन त्याने ती उधळली, हप्ते बुडवले, बँकांचे फोन घ्यायचे बंद केले. नवं कोणी दारात उभं करेना, तेव्हा बायकोच्या नावाने कर्ज उचललं. तिची सहीही त्यानेच ठोकली.

तिला ते कळलं आईमुळे. आईला ऐकू येईनासं झालं होतं. कानाचं मशीन हप्त्यावर मिळतं म्हणून ती आईला घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने तिचं नाव कॉम्प्युटरवर घातलं, कपाळाला आठी घातली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, तुमच्या नावावर मोठी थकबाकी दिसतेय. नाही जमणार.” आईच्या कानात बघण्यापुरतं घातलेलं मशीन त्याने दोन बोटांनी काढून घेतलं. आई हसत बसली होती. तिला वाटलं, माप चुकलं असेल.

घरी येऊन ती नवऱ्यावर तुटून पडली, तेव्हा तो म्हणाला, “बरंच झालं की! म्हातारीला तुझी बडबड तरी ऐकावी लागत नाही.” स्वतःच्या विनोदावर तो इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवशी लॅबमध्येही सांगून आला.

आई त्यानंतर दोन हिवाळे जगली. लेकीच्या ओठांकडे टक लावून बघायची, कानामागे हात धरायची आणि ओशाळून म्हणायची, “काय म्हणालीस? ऐकू नाही आलं गं.” शेवटच्या दिवसांत लेक तिच्या उशाशी बसून घसा फाटेपर्यंत बोलली. त्यातलं आईपर्यंत काय पोचलं, कोणास ठाऊक.

तर कारभाऱ्याला आता पत हवी होती. आठवडाभर तो विचारात दिसला आणि मग एक दिवस निळं चकचकीत कार्ड नाचवत घरी आला. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात मिळालेलं. प्रीपेड. आधी पैसे भरायचे, मग भरलेले खर्चायचे.

“काही विचारलं नाही, काही तपासलं नाही,” तो म्हणाला. “हे वापरायचं, शिल्लक संपू द्यायची नाही. बँकेला दिसतंच ना, माणूस कसा सरळ झालाय ते! दोन वर्षांत नाव धुऊन निघेल बघ.”

“असं दुकानदार म्हणाला?”

“त्याला काय कळतंय? मी सांगतोय ना.”

कार्ड हुबेहूब खऱ्या क्रेडिट कार्डासारखं होतं. उठावदार आकडे, कोपऱ्यात सोनेरी चौकोन. जन्मभर कवळ्या बनवलेल्या माणसाला निदान एवढं कळायला हवं होतं, की दातासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मूळ असतंच असं नाही.

तिलाही तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्याच महिन्यात ती आपल्या नावावरच्या त्या कर्जाचा हप्ता भरायला बँकेत गेली, तेव्हा कर्जाच्या टेबलावर एक चष्मेवाली मुलगी बसली होती. जरा तुसडी, पण सरळ. हिने सहज तिला नवऱ्याच्या कार्डाचं विचारलं.

“प्रीपेड?” चष्मेवाली म्हणाली. “अहो, त्यात उधार घेतलंय कोणी? तुमचेच पैसे, तुम्हीच खर्चताय. पाकिटातून काढल्यासारखंच. त्याची नोंद तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये जात नाही. जन्मभर वापरलंत तरी तुमचा आकडा तसूभर हलणार नाही.”

“मग काय केलं तर हलतो?”

“आधी जुनी थकबाकी फेडून टाका. मग आमच्याकडे थोडी रक्कम ठेव म्हणून ठेवा, तिच्या तारणावर खरं क्रेडिट कार्ड देतो. थोडंथोडं वापरा, तारखेच्या आत फेडा. ते दिसतं सगळ्यांना.”

ती घरी आली. कारभारी टेबलापाशी बसून फडक्याने कार्ड पुसत होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात त्याने वर न बघता विचारलं, “इतका वेळ कुठे उलथली होतीस?” तिने ते वाक्य गिळलं आणि स्वयंपाकाला लागली.

तेव्हापासून तिने त्याला ताकास तूर लागू दिली नाही. सुट्टीच्या दिवशी ती लॅबमध्ये जादा काम करू लागली. “मालकीणबाईंना मदत,” एवढंच घरी सांगायची. त्या पैशांतून जुनं कर्ज फिटलं, मग ठेव झाली, मग खरं कार्ड आलं. ते करड्या रंगाचं होतं, दिसायला अगदीच गरीब. ते ती लॅबमध्ये पॉलिशच्या पुडीच्या डब्याखाली ठेवायची. साबण घ्यायची, तेल घ्यायची आणि बिल आलं की तारखेच्या कितीतरी आधी भरून मोकळी व्हायची.

आणि इकडे कारभारी खरंच सुधारला! हे सगळ्यात वाईट झालं. पगार झाला की तो आधी दुकानात पळायचा आणि कार्डात पैसे भरायचा. भरताना दुकानदार दर वेळी आपलं कमिशन कापून घ्यायचा, तेही हा निमूट सोसायचा. सिगरेट सुटली, पत्ते सुटले. चहासुद्धा कार्डावर मिळतो त्याच टपरीवर, मग ती दूर का असेना.

“अहो, कार्ड भरलंत का?” ती आठवण करायची. “खंड पडायला नको.”

“बघ, तुलाही पटलं शेवटी,” तो म्हणायचा.

एकदा त्याने त्या कार्डावर तिच्यासाठी चपला आणल्या. खाली बसून स्वतःच्या हाताने तिच्या पायात घातल्या. “टोचत नाहीत ना?” त्याने विचारलं, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायचा तसं बघितलं. तिला गलबलून आलं. आपण काय चालवलंय, असं तिच्या मनात आलं. उद्या सकाळी सांगून टाकायचं, तिने ठरवलं. अजून वर्ष हाताशी होतं. आता सांगितलं तर त्यालाही तारणाचं कार्ड घेता आलं असतं.

सकाळी नणंद आली. चपला बघून म्हणाली, “वहिनी, मजा आहे!”

“मजा नाही तर काय,” कारभारी म्हणाला. “हिचं नाव तर पार बुडालंय. दुकानदार दारात उभं करत नाही हिला. माझ्या नावावर जगायचंय आता हिने.”

“तिचं कसं काय बुडालं रे?” नणंदेने विचारलं.

“बायकांना व्यवहार कळतो का?” तो म्हणाला आणि डोळा मारला.

ती आत गेली, चपला काढल्या आणि जुन्या घातल्या. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मुदत भरत आली. बँकेत भेटीची वेळ तिनेच घेतली. त्याची आणि आपली, एकाच दिवशी, एकाच टेबलावर. तिला आदल्या दिवशी एकटीने जाता आलं असतं. चष्मेवालीने तसं सुचवलंही होतं. ती म्हणाली, “नको, दोघं बरोबरच येतो.”

कारभाऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. खुर्चीत बसता बसता त्याने निळं कार्ड टेबलावर ठेवलं आणि एका बोटाने पुढे सरकवलं.

“दोन वर्षं,” तो म्हणाला. “एक दिवस शिल्लक संपू दिली नाही.”

चष्मेवालीने कार्डाकडे बघितलं, मग पडद्याकडे. “हे प्रीपेड आहे. ह्याचा इथे काही संबंध नाही. तुमची जुनी तिन्ही खाती अजून थकीत दिसतायत. कर्ज मिळणार नाही.”

“अहो, पण नीट बघा ना. सगळे व्यवहार ह्यावरच केलेत मी. चहासुद्धा!”

मागच्या खुर्चीवरचं कोणीतरी हसलं.

“चहाचे पैसे रोख दिले असते तरी एकच होतं,” चष्मेवाली म्हणाली. “निदान कार्ड भरायचं कमिशन वाचलं असतं.”

त्याने कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. कान लालबुंद झाले होते. बाजारात हात सुटलेल्या पोरासारखा तो बायकोकडे वळला. त्या नजरेसाठी ती दोन वर्षं थांबली होती. आता ती नजर समोर आली, तर तिला बघवेना. तिने मान फिरवली.

“आणि ताई, तुमचं मंजूर झालंय,” चष्मेवाली म्हणाली. “लॅबच्या खरेदीचं. इथे आणि इथे सही करा.”

तिने सही केली. सावकाश, स्वतःच्या अक्षरात, आणि कागद मुद्दाम त्याला दिसेल असा धरून.



मालकीणबाईंना पैसे मिळाल्याशी कारण. किल्ल्या हातात देऊन त्या गेल्या. मामा राहिले. पहिल्याच दिवशी ते तिला ‘बाई’ म्हणाले आणि तिने त्यांना थांबवलं नाही. तिची जागाही तीच राहिली, मोटरीपाशी. कारभारी मेणाच्या टेबलावर होताच, दात बसवत. ‘कारभारी’ म्हणून मात्र आता त्याला कोणी हाक मारेना.

महिना संपला तेव्हा ती त्याच्या टेबलापाशी गेली. “अहो, तुमचं ते निळं कार्ड आहे ना? पगार त्यावरच भरत जाईन. तुम्हाला सवय आहे.”

मामांनी प्लास्टरच्या घमेल्यात तोंड खुपसलं. त्याने खिशातून कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. पुसून पुसून त्याचे आकडे झिजले होते.

ती मोटरीवर येऊन बसली, बटण दाबलं आणि कवळी घासायला घेतली. थोड्या वेळाने तो मागे येऊन उभा राहिला. चाकाच्या घरघरीत तो म्हणाला, “तुला कधीपासून माहीत होतं?”

तिला शब्दन् शब्द ऐकू आला. मोटरीचं बटण गुडघ्याशीच होतं.

तिने कानामागे हात धरला. “काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”

त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने. आवाज चिरकला. तिने कानामागचा हात तसाच ठेवला, त्याच्या ओठांकडे टक लावून बघितलं आणि मान हलवली. तिसऱ्यांदा त्याचं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालं नाही. तो टेबलाकडे परत गेला.

हात खाली घेताना तिच्या लक्षात आलं, कानामागे तिने तो थेट आईसारखा धरला होता. आई बिचारी ऐकू यावं म्हणून धरायची. चाकाखालची कवळी एव्हाना हिरडीपाशी घासून पातळ झाली होती. तिने ती बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.