वहिनीचा पिवळा दिवा

उचापत्या ड्रायरच्या पोटात शिरला तेव्हा त्याला फक्त हसू येत होतं. भीती नंतर आली, आणि आली ती घरच्यासारखी ऐसपैस बसली.

हॉटेलच्या तळघरातली लॉन्ड्री ती. वर पाहुणे गाद्यांवर लोळायचे, खाली ही मंडळी त्यांच्या चादरी धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची. धुण्याची मशीनं अशी घरघरायची की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी तो "काय?" म्हणायचा. सगळ्यात मोठा ड्रायर कोपऱ्यात. त्याच्या ड्रममध्ये एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन आरामात मावेल, हे उचापत्यानं बरेच दिवस मनात मोजून ठेवलं होतं. वयानं पन्नाशीकडे झुकलेला, पण अक्कल अजून शाळेच्या मागच्या बाकावर.

बेत साधा होता. मुकादम दुपारी येतो, ड्रायरमध्ये हात घालून चादरी चाचपतो. चाचपला की आतून त्याचा हात घट्ट धरायचा. मुकादम भुताच्या नावानं पाय पोटात घेणारा. पुढचा महिनाभर हसायची सोय झाली असती.

उचापत्यानं ओल्या चादरी अंगावर ओढल्या, दार उघडं ठेवलं आणि तोंडात बोळा कोंबावा तसं हसू दाबत बसला.

मुकादम आला. पण त्याच्या कानाला फोन होता. "हो साहेब, पाठवतोच, मशीन लावतोच," असं काहीतरी त्याच्या तोंडून येत होतं. हात काही आत आला नाही. आला तो गुडघा, दारावर. दार धाडकन मिटलं. बाहेरची कडी खटकन बसली.

आतून कडी नसते. कपड्यांना बाहेर यायची घाई नसते ना.

"अहो मुकादम!" उचापत्या ओरडला. आवाज त्याच्याच तोंडावर परत आला. ड्रमच्या भोकांतून बाहेर काहीतरी पिवळं उघडमीट करू लागलं. मुकादमानं बटण दाबलं होतं.

तो पिवळा दिवा वहिनीचा होता. म्हणजे त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको, इथंच ड्रायरवर काम करणारी. जन्मापासून कानांनी काही ऐकू येत नाही. ती कामाला लागली तेव्हा फिटरनं प्रत्येक ड्रायरवर एकेक दिवा बसवला. बटण दाबलं की आधी दिवा लुकलुकणार, दोघांनी मिळून एका मोठ्या चादरीची घडी घालावी एवढा वेळ, आणि मगच ड्रम फिरणार. त्याआधी तर बटण दाबताच ड्रम गरकन सुटायचा. लोक नुसतं "निघा रे!" म्हणून ओरडायचे, आणि तेवढ्यावर सगळं भागतं असं समजायचे. वहिनी ओरडणं कुठून ऐकणार? म्हणून आणखी एक नियम झाला. बटण दाबायच्या आधी दारावर तळवा ठेवायचा. आत कोणी अडकलेला मोजा काढत असेल तर त्यानं दोन ठोके द्यायचे. तळव्याला कळतं.

मुकादमाला हे सगळं डोक्याला ताप वाटायचं. "एका बाईसाठी साऱ्या खात्यानं थांबायचं? एवढ्या वेळात चार चादरी जास्त वाळतील." सोमवारी फिटरला बोलावून तो वेळ काढूनच टाकायचा, हे त्यानं सकाळीच जाहीर केलं होतं. उचापत्यानंही मान डोलावली होती.

खरं तर दिव्यानं सगळ्यांचंच बरं केलं होतं. इस्त्रीवाल्या मावशीचे कान वयानं गेले होते, तिला आता दुसऱ्या टोकावरून कळायचं कोणतं मशीन लागतंय. आणि वहिनीबरोबर आलेल्या हातांच्या खुणा तर या गोंधळात वरदानच. सगळं खातं खुणांनी बोलायचं. मुकादमाच्या पाठीमागे त्याच्या पोटाची नक्कल हातांनी काढण्यात उचापत्याचा हात कोणी धरत नव्हतं.

आता तोच हात दारावर आपटत होता.

दार जाड. त्याला ताटलीएवढी काच, पण वर्षानुवर्षांच्या वाफेनं पांढरी पडलेली. सावलीच दिसायची. उचापत्या बुक्क्या मारत होता, लाथा मारत होता, ओरडत होता. ओल्या चादरी गळ्याभोवती गुंडाळल्या जात होत्या. आतली हवा अजून गार होती. मग तिचं काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. या ड्रायरमधून बाहेर आलेली चादर झटकून हातावर घेतली की तळवे भाजतात.

काचेवर सावली आली. बुटकी, डोक्याला फडकं बांधलेली. वहिनी. दिवा लुकलुकला की ती आपल्या पायांनी येऊन तळवा ठेवायची, मशीन कोणीही लावलेलं असो. मुकादम हसायचा, "बघा, मशीनची नाडी बघायला आल्या डॉक्टरीणबाई."

सावलीचा तळवा दारावर टेकला.

उचापत्यानं ओरडणं थांबवलं. ओरडून उपयोग काय? अख्ख्या जगात एकच माणूस मदतीला आलं होतं आणि त्याला ओरडणं ऐकू येत नव्हतं. त्यानं मूठ आवळली आणि दोन ठोके दिले. नीट, वेगळेवेगळे.

तळवा तसाच राहिला. मग निघून गेला.

सावलीपण गेली.

उचापत्याला कळलं का गेली ते. गेल्या आठवडाभर त्यानं वहिनीची हीच मजा केली होती. ती तळवा ठेवायची आणि हा मशीनच्या मागे लपून पत्र्यावर दोन ठोके द्यायचा. ती घाबरून दार उघडायची, तर आत नुसते टॉवेल. मग हा मागून काखा खाजवत बाहेर. काखा खाजवणं ही वहिनीनं त्याच्यासाठी केलेली खूण होती, माकड. सकाळी तिनं शेवटचं बजावलं होतं. बोट नाचवून, डोळे वटारून, खुणांनी, "माकडा, पुन्हा ठोकलंस तर मी थांबणार नाही."

आणि हा हसला होता.

दिवा अजून लुकलुकत होता. वहिनी गेली होती. आता ती जाऊन टॉवेलांच्या घड्या घालणार. मावशीला काही खुणावणार. बाहेर सगळं चालू राहणार, आणि ड्रम फिरणार, आणि मग थांबेल तेव्हा... पुढचा विचार त्याच्या डोक्यात शिरेना. दादाचा चेहरा तेवढा दिसला. जेवायला बसलेला, ताटावर वाट बघणारा.

तो पुन्हा ठोकत राहिला. दोन. दोन. दोन. प्रत्येक ठोका आता खोटा वाटत होता, त्याचा त्यालाच.

भोकांतला पिवळा उजेड स्थिर झाला.

ड्रमनं पहिला हिसका दिला. उचापत्याचं डोकं खाली, पाय वर, चादरीचा ओला बोळा नाकावर. त्याच्या तोंडातून निघालेला आवाज त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. गरम हवेचा पहिला फुत्कार मानेवर आला.

आणि ड्रम थांबला.

काही क्षण काहीच झालं नाही. मग कडी सरकली, आणि तो चादरींसकट वहिनीच्या पायांवर पडला.

वहिनीच्या हाताला काळं ग्रीस लागलं होतं. ते मागच्या भिंतीवरच्या, मशीन एकदम बंद करायच्या लाल खटक्याचं. माकडाला रंगेहाथ पकडायला म्हणून ती मशीनच्या मागे गेली होती. मागे माकड नव्हतं. मग ठोके दिले कोणी, हे कळायला तिला एक श्वास लागला, आणि त्याच श्वासात तिनं खटका ओढला.

मुकादम फोन हातात धरून उभा होता. चेहरा धुतलेल्या उशीच्या खोळीसारखा. "अरे पण... मला ऐकूच नाही आलं रे."

वहिनीनं त्याचे ओठ वाचले. हातांनी सांगितलं, "मलापण नाही."

मावशीनं ते मोठ्यानं बोलून दाखवलं, पण हसलं कोणी नाही. मुकादमही नाही. त्यानं जाऊन ड्रायरच्या दारावर तळवा ठेवला, बंद मशीनच्या, आणि बराच वेळ काढलाच नाही. सोमवारच्या फिटरचं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही.

उचापत्या चादरींतून कसाबसा बाहेर आला. त्यानं वहिनीकडे बघून खूण करायला हात उचलले, पण खूण होईना. जगातल्या सगळ्या नकला येणाऱ्या माणसाला माफी मागायची खूण सापडेना. वहिनीनं त्याचे दोन्ही हात धरून खाली केले. मग त्याच्या डोक्यात एक सणसणीत टपली मारली. ती खूण सगळ्यांना कळली.

संध्याकाळी घरी दादानं विचारलं, "आज एवढा गप्प का रे? जीभ लॉन्ड्रीतच विसरलास का?"

"काही नाही दादा. दमलोय." तो आंघोळीला गेला. न्हाणीघर तेच, दार तेच, कडीही आतूनच. पण दार मिटलं आणि त्याचा श्वास अडकला. त्यानं दार उघडलं. पुन्हा मिटलं. पुन्हा उघडलं.

वहिनी पातेलं पुसत होती. तिनं ते खाली ठेवलं, आली, दार बाहेरून हलकेच लोटलं. दाराखालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. ते तिथून हलले नाहीत.

उचापत्यानं अंगावर पाणी घेतलं नाही. आधी दारावर दोन ठोके दिले, आणि उगाचच श्वास रोखला.

पलीकडून दोन ठोके आले.