कुर्लीचा भरवसा

दाणोली मागे टाकून घाट लागायच्या आधी परशुरामने गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं आणि तळहात इंजिनाच्या अंगाला लावून डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तसा. नर्मदा आतच बसून राहिली. मांडीवर खाज्याचा डबा, पायांत नारळांची पिशवी, आणि अंगठा तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर. मालवण सोडल्यापासून तिने अकरा वेगवेगळे आवाज मोजले होते. चार कुडाळपर्यंत, पाच सावंतवाडीपर्यंत, आणि हे शेवटचे दोन तर गेल्या अर्ध्या तासात नव्याने जन्मलेले.

"कशी आसा?" तिने ओरडून विचारलं.

"फस्क्लास!" तोही तितक्याच जोरात ओरडला. "कोल्हापूर येयसर हूं की चूं करूची नाय."

त्यांच्या घरी असंच बोलत. तीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस घरी येऊन कुजबुजणार थोडाच! बंदरावरच्या लोकांना परशुरामच्या घरात आज कसली आमटी आहे ते विचारावं लागत नसे. मुलं ओरडतच वाढली, नर्मदाही ओरडतच म्हातारी होत आली. आणि एखाद्या हाकेला नवऱ्याने ओ दिली नाही, तर तिला त्याचं काही वाटत नसे. बायकोचं न ऐकणं हा रोग असता तर मालवणात एकही पुरुष धडधाकट निघाला नसता.

गाडी मात्र सगळ्या गावात एकच होती. लढाईच्या आदल्या वर्षी विलायतेत घडलेली, दोनच माणसांची, कापडी छताची, शर्यतीत पळायला केलेली. मुंबईचा कोणी साहेब मायदेशी परतताना ती विकून गेला आणि परशुरामने ती निवृत्तीच्या महिन्यात घरी आणली. जमिनीला पोट घासणारी, रुंद, तांबडी, पुढे दोन डोळे बाहेर आलेले. मच्छीबाजारातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं: कुर्ली. खेकडीण तिरकी चालते, ही सरळ चालते एवढाच काय तो फरक. आणि तोही नेहमी नाही, असं नर्मदेचं मत होतं.

या कुर्लीतून परशुराम एकटाच बेळगावला, रत्नागिरीला, एकदा तर थेट पुण्याला जाऊन आला होता. तो परत येईपर्यंत नर्मदेच्या घशाखाली पेज उतरत नसे. शेवटी कोल्हापूरला नोकरीला असलेल्या मुलाने, सत्यवानने पत्र लिहिलं: गणपती झाले की दोघांनी गाडीने इकडे या. आई अख्खा रस्ता शेजारी बसेल. उतरल्यावर ती म्हणाली भरवशाची आहे, तर मी पुन्हा ब्र काढणार नाही. नाही म्हणाली, तर गिऱ्हाईक तयार आहे. परशुरामने ताबडतोब कबूल केलं होतं. कुर्लीवर त्याचा तेवढा विश्वास होता. नर्मदेनेही कबूल केलं होतं, कारण तिचा निकाल घरातून निघतानाच ठरला होता. आता फक्त पुरावा गोळा करायचा होता, आणि तो तिच्या बोटांच्या पेरांवर रास होऊन बसला होता.

घाट चढू लागले तसा पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. आधी दरी गेली, मग कठड्याचे दगड गेले, मग पुढचे दोन तांबडे पत्रेही अर्धे गेले. कडेचा रस्ता पावसाने खाल्लेला म्हणून परशुराम गाडी मधोमध चालवत होता. उजवा हात चाकावर, डावा गियरच्या दांड्यावर. छताचं ओलं कापड फडफडत होतं. नर्मदेने बारावा आवाज ऐकला. तो खडखडल्यासारखा होता. मग तेरावा.

चौदावा आवाज गाडीचा नव्हता.

वरून कुठूनतरी भोंगा आला. लांब, एसटीचा. एक वळण सोडून पुन्हा आला, जवळून. समोरचा भोंगा ऐकला की आपलाही वाजवायचा आणि गाडी डोंगराला लावून थांबायचं, हे घाटातलं साधं शास्त्र तिलाही ठाऊक होतं. तिने परशुरामच्या हाताकडे पाहिलं. तो हात भोंग्याकडे गेला नाही.

"आवो! एसटी येता!"

परशुराम धुक्यात डोळे रोखून गात होता. हो, चक्क गात होता. भजनाचं धृपद, सुरात नसलेलं.

"आवो, भोंगो वाजता! थांबवा!"

ती ओरडली ती वरच्या आंबोलीला ऐकू जाईल अशी. धृपद चालूच राहिलं. तेव्हा तिने खाज्याचा डबा सोडून दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून हिसडला. त्याने वळून तिचं तोंड पाहिलं, तिच्या तोंडावर जे होतं ते वाचलं आणि पाय दाबले. कुर्ली डोंगराच्या अंगाला घासून उभी राहिली. धुक्यातून दोन पिवळे दिवे निघाले, मागून भिंतीसारखी एसटी निघाली आणि चार बोटांवर येऊन थरथरत थांबली.

चालकाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"हॉर्न मारून मारून हात दुखलो माजो! लक्ष खंय आसा?"

परशुराम त्याच्याकडे बघून हसला आणि हात वर केला. ओळखीच्या माणसाला करतात तसा.

एसटी गेली. खाजं गाडीभर सांडलं होतं. नर्मदा ते गोळा करायला वाकली, आणि वाकल्या वाकल्याच, मान वर न करता, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"तुमका खाजा देव?"

उत्तर आलं नाही. खाज्याला नाही म्हणणारा माणूस नव्हता तो.

ती हळूहळू उठून बसली. गेली दोन वर्षं ती बोलायला लागली की परशुराम हातातलं काम ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. जन्मभर पाठ फिरवून बोललेला नवरा! तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, पण आरशासमोर कुंकू लावताना ती हल्ली थोडी जास्त वेळ थांबत असे.

"कधीपासना?" तिने त्याच्याकडे तोंड करून विचारलं.

त्याने समोरची काच पुसल्यासारखं केलं. मग म्हणाला,

"बोटीवरच सुरू झालेला. गाडयेचा माका हातात कळता गो. ह्या दांड्यात सगळा येता. खडखड येता मां? ती मागच्या चाकाच्या पत्र्याची. इंजिनाची नाय."

तिने दांड्यावर त्याच्या हातावर हात ठेवला. खरंच, खाली काहीतरी एकसारखं, शांत चाललं होतं. तेरा आवाजांपैकी एकही तिथपर्यंत पोचत नव्हता.

"आणि भोंगो?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. छताच्या कापडावरून पाणी टपकत राहिलं.

"आता सत्यवानाक सांगतलंस?" शेवटी त्याने विचारलं. घोगऱ्या, खालच्या आवाजात. तिला वाटलं, हा आवाज आपण पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता.

"आधी चढ चढा," ती म्हणाली आणि आपला उजवा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "एकदा थापटलंय तर भोंगो समोरसून. दोनदा तर मागसून."

आंबोलीपर्यंत तिने सात वेळा थापटलं. पुढे आजरा, गडहिंग्लज, निपाणी. मोजायचं तिने सोडून दिलं. पण हात काढला नाही, आणि डोळाही मिटला नाही.

कोल्हापुरात संध्याकाळी सत्यवान दारातच उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, डोंगराला घासलेला पत्रा बघितला आणि आईकडे वळला.

"आई, आता काय ता सांग. ठेवची काय इकूची?"

परशुराम गाडीच्या पलीकडे उभा होता, टोपी हातात घेऊन. नर्मदेने दोन पावलं बाजूला टाकली, दाराच्या दिव्याचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी.

"गाडयेत खोट नाय," ती सावकाश म्हणाली. "पण एकट्यान न्हेवची नाय. मी बाजूक आसलंय तरच ती दारातसून भायर पडात. नायतर ईक."

सत्यवान आधी बापाकडे, मग आईकडे बघत राहिला.

"आणि एवढी हळू कित्याक बोलतंस? बाबांका ऐकूक जावचा नाय."

"जाता," नर्मदा म्हणाली.