तीन पावलं मागं

क्रांती चौगुलेचा आवाज फौंड्रीच्या गेटपर्यंत ऐकू जातो, असं लोक म्हणायचे आणि तिला त्याचा अभिमान होता. का नसावा? सात वर्षांपूर्वी कोडोलीहून एसटीनं येणारी ही पोरगी शिरोलीच्या भट्टीवर इंजिनिअर म्हणून रुजू झाली, तेव्हा चौदा गडी तिच्याकडं बघून हसायचे. "मॅडम, जरा मोठ्यानं बोला की, भट्टीला ऐकू येत न्हाय," म्हणायचे. मग ती मोठ्यानं बोलायला लागली. आता अख्खा भट्टीविभाग तिच्या हाताखाली होता आणि हसायची कुणाची टाप नव्हती.

मध्यंतरी ऑफिसनं कामगारांना बिननावाच्या चिठ्ठ्या वाटल्या. तुमच्या साहेबांबद्दल काही सांगायचंय का? चौदाच्या चौदा चिठ्ठ्या परत आल्या, सगळ्यांवर एकच वाक्य, 'काही अडचण नाही.' क्रांतीनं ही गोष्ट घरी आईला दोनदा ऐकवली. अहो, चौदा माणसं आणि एकच वाक्य! यात काही काळंबेरं असेल असं क्रांतीबाईंच्या मनालाही शिवलं नाही.

त्या सकाळी अकराच्या सुमाराला भट्टीत लोखंड तयार झालं. समोर क्रेनच्या हुकाला लॅडल टांगलं होतं. लॅडल म्हणजे आतून अस्तर दिलेली मोठी लोखंडी बादली, तिच्यात अर्धा टन वितळलेलं लोखंड मावतं. क्रांतीनं हात वर केला की इमामचाचांनी भट्टी कलती करायची आणि लॅडल भरलं की आकारामनं क्रेनची बटणं दाबून ते साच्यांकडं न्यायचं. रोजचं काम. बाहेर ट्रक उभा होता आणि मालकांचे दोन फोन येऊन गेले होते.

तिनं हात वर केला आणि तिची नजर खाली गेली. उभं राहायच्या जागा फरशीवर पिवळ्या रेघेनं आखल्या होत्या. रेघेवर ती एकटीच होती. बाकी सगळे बूट तीन पावलं मागं.

"काय झालंय?"

"काय न्हाय मॅडम," गड्यांतला सयाजी म्हणाला.

"मग पुढं या की! लांबनं अक्षता टाकायला आलाय काय?"

गडी पुढं सरकले. तिनं मान वळवली तसे परत मागं गेले. कुणी हसलं नाही, कुणी कुरकुरलंही नाही. क्रांतीचं डोकं सणकलं, आवाज गळ्यापर्यंत आला. तेवढ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. समोर दीड हजार डिग्रीला लोखंड खदखदतंय आणि ही माणसं बघतायत तिच्या तोंडाकडं! भट्टीपेक्षा आपल्याला जास्त भितात ही.

महिन्यामागची गोष्ट तिला आठवली. आकारामनं भरलं लॅडल मधेच थांबवलं होतं. वर कसला तरी आवाज येतोय म्हणाला. मेकॅनिकनं वर चढून बघितलं, त्याला काही सापडलं नाही, वीस साचे मात्र वाया गेले. "भ्या वाटत असलं तर घरी बस आणि भाकऱ्या थाप," असं ती सगळ्यांदेखत ओरडली होती. त्या दिवसापासून या शेडमध्ये कुणी काही सांगितलं होतं का? तिला एकही गोष्ट आठवेना.

तिनं हात खाली घेतला.

"चाचा, करंट कमी करा. ओतायचं नाही अजून."

खिशात फोन थरथरला. तिनं तो बघितलाच नाही. ती चालत आकारामसमोर गेली. हा तिच्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप, पण तिला येताना बघून शाळेतल्या पोरासारखा ताठ झाला.

"आकाराम, त्या दिवशी मी चुकले. तू थांबवलंस ते बरोबर होतं. सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून सगळ्यांदेखत सांगते."

आकारामनं मान खाली घातली. मग मागून इमामचाचा खाकरले.

"मॅडम, लॅडलला नवं अस्तर हाय. सुकवायचा बर्नर पहाटं इझला हुता. परत लावला, पण किती वेळ इझला हुता कुणास ठावं."

अस्तरात ओल राहिली तर तापलं लोखंड पडताच स्फोट होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "उतरवा," क्रांती म्हणाली. सयाजीनं सळईनं तळाचा तुकडा टोकरून काढला. तिनं हातमोज्यात घेऊन तो चुरडला. बोटांतून भुकटी सांडली. ओलीचा लवलेश नव्हता.

पुन्हा काही नाही! लोखंड निवत चाललेलं, ट्रक ताटकळलेला आणि अस्तर कोरडं ठणठणीत. चौदा जण पुन्हा तिच्या तोंडाकडं बघायला लागले. जुना आवाज तिच्या जिभेवर येऊन बसला होता, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिनं तो गिळला. सोपं नव्हतं, कानशिलं तापली.

"बरं झालं सांगितलंत चाचा," ती म्हणाली. "उद्या शंका आली तर उद्याही सांगा. चला, उचला."

साखळी करकरली, रिकामं लॅडल वर गेलं. क्रांती पुन्हा पिवळ्या रेघेवर जाऊन उभी राहिली. आणि लॅडल मधेच थांबलं.

"मॅडम," बटणावरचं बोट काढून आकाराम म्हणाला. "बर्नरचं सांगून चाचांनी नुसता खडा टाकून बघितला, तुमी वरडताय का म्हणून. खरी गोष्ट येगळीच हाय. वर हुकाला तडा गेलाय."

"कधी?"

"तीन आठवडं झालं बघून. त्या दिशी म्या आवाज येतोय म्हटलं हुतं न्हवं, त्यो तिथनंच येत हुता. तक्रार द्यायची तर तुमची सही लागती. म्हणून सगळ्यांस्नी सांगितलं, मागं हुबं ऱ्हावा."

सगळ्यांना. चौदाच्या चौदा जणांना ठाऊक होतं. तीन आठवडे रोज अर्धा टन लोखंड त्या हुकाला लोंबत होतं आणि रेघेवर ती एकटी उभी राहून त्यांच्यावर ओरडत होती. मला का नाही सांगितलंस, हा प्रश्न तिच्या ओठावर आला आणि तिथंच राहिला. उत्तर गेटपर्यंत ऐकू जात होतं.

तिनं मान वर करून हुकाकडं बघितलं. रेघेवर उभी राहूनच ती तडा शोधायला लागली.

"आवो बघताय काय!" आकाराम जिवाच्या आकांतानं ओरडला. "आदी तिथनं बाजूला सरा की!"

सात वर्षांत तिच्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं. क्रांती मुकाट्यानं तीन पावलं मागं सरली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.