सहा जणींचा छाप

दिव्यानीने शिवणीच्या लाकडाच्या पाटावर पहिला घाव घातला तेव्हा गावात धानाची मळणी चालू होती. शेवटचा घाव घालून तिने पटाशी खाली ठेवली तेव्हा बायका मोहफुलं वेचायला जाऊ लागल्या होत्या. पाट आठ फूट लांब आणि चार फूट रुंद होता. सावली गावच्या लच्छू मिस्त्रीने चार फळ्या जोडून तो असा रंधला होता की वरून हात फिरवला तर सांधा सापडू नये.

नागपूरला चार वर्षं ती काष्ठछाप शिकली होती. लाकडातला नको तो भाग पटाशीने कोरून काढायचा, उरलेल्या उंचवट्यावर शाई फिरवायची आणि वर कापड दाबून चित्र उतरवून घ्यायचं. तिने कोरला होता रोवणा, म्हणजे धानाची लावणी. चिखलात वाकलेल्या सहा जणी, त्यात तिची आई कांता, शेजारची रंभाकाकू, नीलाबाई, साऱ्या ओळखीच्या.

नागपूरच्या प्रदर्शनाला चित्र पाठवायला आठ दिवस उरले, आणि तेव्हा घोडं अडलं. एवढा पाट मावेल असं छापयंत्र कॉलेजात नव्हतंच. तिथले तिचे शिक्षक प्रफुल सर फोनवर म्हणाले, "चार तुकडे कर. वेगवेगळे छापू, मग जोडू."

"सर, रंभाकाकूच्या कमरेतून करवत जाईल," दिव्यानी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग तिने हातानेच छापायचं ठरवलं. गावात दहा फूट सपाट जागा एकच होती, बुद्धविहाराची फरशी. तिथे पाट ठेवून तिने शाई लावली, वर मांजरपाट अंथरला आणि लाकडी डावाच्या पाठीने घासायला बसली. दुपारपर्यंत खांदा भरून आला. कापड उचललं तर अर्धं चित्र फिकट, आणि जिथे कापड सरकलं तिथे एकेका बाईला दोन दोन तोंडं. दिव्यानीने कापडाचा बोळा केला आणि विहाराच्या पायरीवर येऊन बसली. डोळ्यांतलं पाणी आवरेना.

मजुरीवरून परतणाऱ्या बायका तिथूनच चालल्या होत्या. कांता थांबली.

"काऊन रडून राह्यली व?"

"वजनच पडत नाही, आई. माझ्या एकटीचा जोर पुरत नाही. आणि कापड जरा घासलं की चित्र बिघडतं."

कांताने आत डोकावून पाट पाहिला. मग म्हणाली, "घासायचं नाई, दाबायचं. मंग पायानं दाबू ना! रोवन्यात पाय घासत नेला त लावलेला धान उपटते. आमी काय चिखलात घासत चालतो का?"

दिव्यानी ताडकन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही जणी पाय धुऊन विहारात आल्या. पाट टर्पेंटाइनने पुसून वाळला होता. दिव्यानीने रोलर फिरवून काळी शाई एकसारखी लावली. नवा मांजरपाट चार जणींनी चारी टोकांना धरून अलगद उतरवला. त्यावर चादर, चादरीवर गोधडी. बायकांनी लुगडी वर खोचली आणि पाटाच्या लांबीवर, धानाच्या बांधीत उभ्या राहतात तशाच एका ओळीत उभ्या राहिल्या.

"मागं मागं सरकायचं," दिव्यानी म्हणाली. "पाय उचलायचा, सरळ ठेवायचा."

"हे तू आमाले शिकवतं?" रंभाकाकू म्हणाली आणि तिने गाणं उचललं.

बाकीच्यांनी सूर धरला. बारा पाय एकाच ठेक्यात उठायचे आणि पडायचे. बोटभर मागे, पुन्हा बोटभर मागे. दिव्यानी गुडघ्यांवर बसून कापडाच्या कडा बघत होती. एकही कड हलली नाही. चार फूट ओलांडायला त्यांना तीन गाणी लागली, आणि उतरताना नीलाबाई म्हणाली, "आनखी एक डाव मारू, कसर नको." त्या पुन्हा चढल्या.

मग गोधडी काढली, चादर काढली. दिव्यानीने मांजरपाटाचं एक टोक धरलं, दुसरं आईने. शाई कापड सोडताना चिकट आवाज करत होती. कापड उभं झालं.

काळंभोर पाणी. पाण्यात पांढऱ्या रेघांनी उमटलेले हात, धानाच्या जुड्या, वाकलेल्या पाठी. शिवणीच्या लाकडाच्या शिरा आभाळभर पसरल्या होत्या. कुठे फट नाही, कुठे फिकट नाही.

"अवो, मीच हो ह्ये!" रंभाकाकू ओरडली. "पाटावर त मले माझं तोंडच नव्हतं दिसत!"

कांताने लेकीची शाईने भरलेली बोटं आपल्या हातात घेतली आणि घट्ट धरून ठेवली. दिव्यानी हसत होती, आणि मग दोघी एकदमच मोठ्यानं हसायला लागल्या.

त्याच आठवड्यात चित्र नागपूरला गेलं. खाली पेन्सिलने तिने आपली सही केली, आणि सहीशेजारी 'छपाई' असं लिहून सहा जणींकडून त्यांची त्यांची नावं लिहून घेतली. पंधरा दिवसांनी प्रफुल सरांचा फोन आला. पहिलं बक्षीस. "बरं झालं माझं ऐकलं नाहीस," ते म्हणाले.

बक्षिसाच्या दिवशी दिव्यानीबरोबर सहाही जणी ब्रह्मपुरीहून बसने नागपूरला गेल्या. एक पूर्ण भिंत त्यांच्या रोवण्याने व्यापली होती. रंभाकाकू चित्राच्या अगदी जवळ गेली तसा पहारेकरी धावत आला.

"मावशी, चित्राला हात लावू नका!"

"हात कोन लावते, बाप्पा?" ती म्हणाली. "आमी त पाय लावून आलो!"

आजूबाजूची माणसं वळली. परीक्षक बाईंनी पुढे येऊन विचारलं, हे कोणत्या यंत्रावर छापलं? दिव्यानीने उत्तर द्यायच्या आत नीलाबाईने चपला बाजूला काढल्या, लुगडं खोचलं आणि त्या गुळगुळीत फरशीवर उभी राहिली. बाकीच्या पाच जणी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. रंभाकाकूने गाणं उचललं आणि साऱ्या दालनात टाळ्यांचा ठेका सुरू झाला.