दाढेतली रोहिणी

माझी मेलेली लेक रोहिणी तिच्या पोरीच्या खालच्या दाढेत राहते, हे मला चैत्रात कळलं. शरू जांभई देत होती. दाढेला मुगाएवढं भोक, आणि आत रोहिणी मांडी घालून बसलेली.

"आई, उजेड अडवू नकोस," ती म्हणाली.

मी बाजूला झाले. एरवी मला कुणी बाजूला हो म्हणत नाही.

"हे भोक कुणी पाडलं गं?" तिनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्यानं. पोरीकडं लक्ष कुठं असतं त्याचं," मी म्हणाले.

भोक मी पाडलं होतं. रोहिणी काविळीनं गेली तेव्हा शरू दोन वर्षांची. रात्री माझ्याकडं असायची, आईवाचून झोपेना. घरचं गुऱ्हाळ, काकवीची काय कमी. मी बोट बुडवून तिच्या तोंडात द्यायची, डोळा लागेपर्यंत, रोज. जाऊबाई म्हणाल्या, दात किडतील. मी म्हणाले, आधी तुमच्या सुनेला भाकरी थापायला शिकवा.

आता सहा वर्षांची शरू गाल धरून बसायची. भाकरी एकाच बाजूनं चावायची. मग तालुक्याला नेली.

डॉक्टरीणबाई जेमतेम कॉलेजातल्या पोरीएवढ्या दिसत होत्या. त्यांनी आरसा आत धरला. रोहिणीनं पदर सावरला.

"मशीन लावायचं नाही, सुई नाही," बाई म्हणाल्या. "ब्रशनं औषध लावू. कीड थांबेल, जागा काळी पडेल. मग वरून स्टीलची टोपी. पोरीला दुखणार नाही."

"आणि आतलीला?"

"त्या आतच राहतील. दुधाची दाढ आहे, दहाव्या-अकराव्या वर्षी आपोआप पडेल."

"टोपी नाही घातली तर?"

"पू होईल. मग दाढ काढावी लागेल, आजी. त्यांच्यासकट."

औषध लावलं. शरू म्हणाली, गुदगुल्या होतात.

दुसऱ्या खेपेला दवाखान्याचं दार खाली आलं होतं. मान वाकवून आत गेले. ही मान मी सासऱ्यापुढंही वाकवली नव्हती. बाईंनी पुन्हा औषध लावलं.

घरी आल्यावर मी शरूला आ करायला लावलं.

"भिंती काळ्या झाल्या, आई," रोहिणी म्हणाली. "पण टणक झाल्या. आता पडझड नाही."

"तुला काय पाहिजे का?"

"त्यांना रागावू नकोस. एकटा बाप्या किती बघणार."

तेव्हाच खरं सांगायचं होतं मला. पण शरूचं तोंड दुखायला लागलं, तिनं मिटलं. टोपीच्या दिवशी सांगू, म्हटलं.

तिसऱ्या खेपेला मी दारातून रांगत गेले. आत छत पाठीला टेकलं. डॉक्टरीणबाई त्याच छताखाली ताठ उभ्या होत्या. माझं तोंड शरूच्या तोंडासमोर आलं. बाईंनी टोपी दाढेवर ठेवली, एका कडेनं उघडी. फटीतून रोहिणी दिसत होती.

"ही मी बसवत नाही," बाई म्हणाल्या. "पोरीनंच चावून बसवायची. माझं ऐकत नाही ती. तुम्ही सांगा."

"थांबा जरा. मला आत बोलायचंय."

"थुंकी साचतेय, आजी. मग चिकटणार नाही."

"रोहिणी," मी म्हणाले.

"सांग ना तिला, आई," ती म्हणाली. "किती वेळ आ करून बसायचं लेकरानं?"

शरू माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत भीती नव्हती. माझा शब्द तिनं कधी मोडलेला नाही, तसं वळणच लावलंय मी.

"शरू, चाव," मी म्हणाले.

तिनं चावलं. कट्ट झालं.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आता मोठा आ."

टोपी नव्या वाटीसारखी लखलखत होती. छतानं मला आणखी पुढं रेटलं. माझे ओठ जवळजवळ टोपीला लागले.

"भोक मी पाडलं, रोहिणी. त्यानं नाही."

स्टीलवर माझ्या श्वासाची वाफ धरली. ती वाफ आतून पुसली जाऊ लागली, आणि शरूनं तोंड मिटलं.